प्रश्न तुमचे : जुडी बाका आणि अर्ध्या मैलाची भिंत

मागच्या अंकात लॉस एंजेलिसच्या चिकाना भित्तिचित्रकार जुडी बाका यांच्यावर टिपण आलं होतं. त्यावर मुंबईभरातून पत्रं आली. काहींना बाकांबद्दल आणखी वाचायचंय, पण निम्म्याहून जास्त पत्रं प्रत्यक्ष एखादी भिंत रंगवायला निघालेल्यांची आहेत. दोन्ही तऱ्हेचे प्रश्न मुद्दाम मिसळून घेतले आहेत.

प्रश्न : 'चिकाना' म्हणजे मेक्सिकन असंच ना? मग वेगळा शब्द कशाला? बाका मूळच्या कुठल्या, शिकल्या कुठे? (कलाशिक्षिका, परळ)

चिकानो म्हणजे अमेरिकेतली मेक्सिकन वंशाची माणसं. बाई असेल तर चिकाना. या लोकांना सरसकट 'बाहेरून आलेले' समजणं चूक आहे, कारण कॅलिफोर्निया १८४८ पर्यंत मेक्सिकोतच होतं. सीमा सरकली आणि कित्येक घराणी जागच्या जागी दुसऱ्या देशात गेली. चिकानो हा शब्द आधी हिणवायला वापरत. १९६०च्या दशकात शेतमजुरांचे संप, विद्यार्थ्यांचे मोर्चे आणि व्हिएतनाम युद्धाचा विरोध या सगळ्या धामधुमीत तरुणांनी तोच शब्द ताठ मानेने स्वतःला लावून घेतला. मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा 'दलित' या शब्दात जी धार आली, ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

बाकांचा जन्म १९४६चा, लॉस एंजेलिसचाच. वॉट्स या वस्तीत आई, आजी आणि मावश्या अशा बायकांच्या घरात त्या वाढल्या. आई टायरच्या कारखान्यात कामाला जायची, त्यामुळे सांभाळ आजीचा. आईच्या लग्नानंतर कुटुंब पकोइमाला गेलं. तिथल्या शाळेत स्पॅनिश बोलायला मनाई होती आणि मुलीला इंग्रजी येत नव्हतं. बाकीचा वर्ग धडे गिरवत असताना शिक्षिका तिला कोपऱ्यात चित्रं काढत बसू द्यायच्या. नॉर्थरिजच्या राज्य विद्यापीठातून १९६९ साली पदवी, आणि तिथूनच १९७९ साली पदव्युत्तर शिक्षण. मधल्या काळात शाळेत शिकवायची नोकरी लागली. युद्धविरोधी आंदोलनात भाग घेतल्यामुळे ती गेली. मग १९७० साली महापालिकेच्या उद्यान विभागात मुलांना चित्रकला शिकवण्याचं काम मिळालं, आणि तिथून खरी सुरुवात झाली.

बॉइल हाइट्स भागात त्यांना एकमेकांशी हाडवैर असलेल्या टोळ्यांमधली मुलं भेटली. चार टोळ्यांतली वीसेक मुलं घेऊन त्यांनी हॉलेनबेक उद्यानातल्या बँडस्टँडच्या (वादकांसाठी बांधलेल्या मंचाच्या) तीन भिंतींवर दोन्ही हात पसरलेली एक आजी रंगवली. चित्राचं नाव 'मी आबुएलिता', म्हणजे 'माझी आज्जी'. काम चालू असताना विरुद्ध टोळीचं कुणी येतंय का हे बघायला मुलं टेहळणीला बसवावी लागत. आजीच का रंगवली? चारही टोळ्यांतल्या मुलांच्या घरी ती होती आणि तिच्यासमोर कुणीच उर्मटपणा करत नव्हतं. विषय असा निवडता येणं हे चित्रकलेइतकंच मोठं कसब आहे, आणि बाकांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ या आजीत सापडतं.

प्रश्न : 'ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस' ८४० मीटर लांब आहे असं तुम्ही लिहिलंत. छापताना एखादं शून्य जास्त पडलं का? (घाटकोपर)

आकडा बरोबर आहे. २,७५४ फूट लांब आणि साधारण १३ फूट उंच. बारा डब्यांच्या तीन लोकल एकीपुढे एक उभ्या केल्या तरी भिंत थोडी उरेल.

ही भिंत म्हणजे तुहुंगा वॉश नावाच्या पूरनियंत्रण कालव्याची काँक्रीटची बाजू. १९३८ साली लॉस एंजेलिसला मोठा पूर आला आणि त्यानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने तिथल्या नद्या-ओढे काँक्रीटमध्ये बांधून काढले. मिठी नदीच्या दोन्ही काठांना उभ्या राहिलेल्या भिंती ज्यांनी पाहिल्यात त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र लगेच उभं राहील. १९७४ साली त्याच विभागाने बाकांना विचारलं, की या कालव्याचं काही सुशोभन करता येईल का. बाकांनी वेलबुट्टी काढली नाही. कॅलिफोर्नियाचा इतिहास काढायचा ठरवला, आणि तोही पाठ्यपुस्तकात न आलेल्या लोकांचा : मूळचे चुमाश लोक, चिनी रेल्वेमजूर, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी-अमेरिकन, काळे, ज्यू, मेक्सिकन. चित्राचं मूळ नावच 'कॅलिफोर्नियाचा इतिहास' असं आहे. नदी होती तिथे आता व्रण आहे आणि त्या व्रणावर हे गोंदण आहे, अशा अर्थाचं त्यांनी म्हटलं होतं.

काम पाच उन्हाळ्यांत झालं : १९७६, १९७८, १९८०, १९८१ आणि १९८३. उन्हाळाच का, तर तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि तेव्हा कालवा पाण्याखाली असतो. मधली वर्षं पैसे उभे करणं, संशोधन आणि आराखडा यांत जायची. पहिल्या उन्हाळ्यात कोर्टकचेरीच्या फेऱ्यांत अडकलेली ८० मुलं होती, आणि एक हजार फूट झाले. त्या हजार फुटांत अनेक चित्रकारांनी आपापला तुकडा स्वतंत्र केला, त्यामुळे तिथे शैली दर थोड्या अंतरावर बदलते. १९७८पासून बाकांनी संपूर्ण आराखडा एका हाताखाली आणला. १९७६चा भाग आणि १९८३चा भाग यांचे फोटो शेजारी ठेवून बघा; पहिल्यात चौकटी एकामागून एक येतात, दुसऱ्यात एक प्रसंग पुढच्यात वाहत जातो. एकूण चारशेहून अधिक मुलांचे हात या भिंतीला लागले.

१९५०च्या दशकाच्या भागातला एक प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. नवे महामार्ग मेक्सिकन वस्त्यांमधून काढले गेले, तो. रस्त्याचे खांब आणि पट्टे अजगरासारखे वळसे घेत एका कुटुंबाला विळखा घालतात, माणसं एकमेकांपासून ओढली जातात. वर डॉजर स्टेडियम परग्रहावरच्या तबकडीसारखं चावेझ रविन वस्तीवर उतरतंय. तिथली घरं रिकामी केली गेली आणि १९६२ साली त्या जागी स्टेडियम सुरू झालं. वस्ती उठवल्याचं एवढं नेमकं चित्र दुसरं क्वचितच असेल. घरांवर चाललेला बुलडोझर सगळेच काढतात, इथे रस्त्याची गुळगुळीत रेषाच क्रूर होते.

प्रश्न : आमच्या मंडळाने नाल्याच्या संरक्षक भिंतीवर १० फूट बाय ४० फूट चित्र काढलं. चांगल्या कंपनीचा रंग होता. पहिल्याच पावसात पोपडे निघाले, खाली पांढरी भुकटी दिसते. रंग बनावट होता का? (कुर्ला)

बहुतेक नाही. पोपड्याची मागची बाजू पाहा. तिला पांढरी पूड चिकटून आली असेल तर दोन शक्यता : एकतर जुना चुना न खरवडता त्यावर रंग लावला, किंवा भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा थर, लागलाय. बोटाला पूड लागून पुसली गेली तर चुना. चिमटीत खरखरीत, मिठासारखी लागली आणि पाण्यात विरघळली तर लोणा.

नाल्याच्या भिंतीमागे माती असते आणि मातीत वर्षभर ओल. ते पाणी सिमेंटमधले क्षार विरघळवत पुढच्या बाजूला येतं, सुकतं आणि क्षार रंगाच्या थराखाली स्फटिक होऊन बसतात. ते फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात. अशा भिंतीला खाली पाणी जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. चित्र सलग दिसावं म्हणून ती पुट्टीने बुजवली असतील तर नुकसानीचं मुख्य कारण तेच. ती मोकळी करा. चित्रात ती अडचण वाटत असेल तर आराखड्यात सामावून घ्या, डोळा करा, खिडकी करा, पण बुजवू नका.

आता क्रम. काम डिसेंबर ते फेब्रुवारीत धरा. पावसाळ्यानंतर भिंतीच्या पोटातली ओल जायला नोव्हेंबर उलटावा लागतो. गिलावा नवा असेल तर निदान २८ दिवस थांबा, ओलं सिमेंट रंगातला चिकटा खातं. सुरुवातीला सुटलेलं सगळं पत्र्याने आणि तारेच्या ब्रशने काढा. चुना असेल तर पूर्ण, 'जिथे घट्ट आहे तिथे राहू दे' असं म्हणू नका. लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडायचा; पाणी मारलंत तर क्षार परत आत जातो. शेवाळ आणि काळी बुरशी असेल तिथे एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून पंधरा-वीस मिनिटांनी धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मग दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊ द्या.

यानंतरची परीक्षा कुणी करत नाही, आणि तीच महत्त्वाची. दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला पक्का लावा आणि रात्रभर, निदान सोळा तास ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा भिंत तेवढ्याच चौकोनात गडद झाली, तर ती भिंत तयार नाही. तीन-चार ठिकाणी करा, त्यातली एक जागा जमिनीलगत हवी. आठवड्याने पुन्हा बघा. खालचा भाग सुकतच नसेल तर तो चित्रातून सोडून द्या. खालचा एक-दीड फूट असाही साधा गडद पट्टा ठेवावा. पावसाचे चिखलाचे शिंतोडे आणि पानाच्या पिचकाऱ्या तिथेच येतात, आणि दरवर्षी तेवढा पट्टा परत मारणं सोपं पडतं.

तुमच्या ४०० चौरस फुटांसाठी बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक प्रायमर ६ लिटर, पांढऱ्याचा एक हात ५ लिटर आणि चित्राचे रंग मिळून १० लिटर धरा. भिंत खरबरीत आहे म्हणून हे आकडे डब्यावरच्या हिशोबापेक्षा थोडे चढे आहेत. त्या दहा लिटरांत ४ लिटर पांढरा मिसळणीसाठी, दीड लिटर पिवडी, एकेक लिटर गेरूचा लाल, निळा आणि हिरवा, अर्धा लिटर काळा, आणि भडक लाल-पिवळा मिळून एक लिटर. भडक रंग मुद्दाम कमी सांगितलेत. गेरू, हुरमुंज, पिवडी हे लोहाचे रंग आणि काजळीचा काळा वर्षानुवर्षं उन्हात टिकतात. झगमगीत गुलाबी, केशरी आणि चमकणारे रंग एका उन्हाळ्यात उतरतात. पांढऱ्या रंगात स्टेनर (छटा देणारा दाट रंग) ओतून गडद छटा काढायचा मोह होतो, पण डब्यावर दिलेल्या मर्यादेबाहेर स्टेनर गेला की थर कच्चा राहतो आणि हाताला रंग लागत राहतो. गडद छटा हवी तर गडद रंगच विकत घ्या.

शेवटी वरून चकचकीत वॉर्निश मारू नका. घरातल्या चित्राला ठीक, पण मागून ओल असलेल्या भिंतीचा श्वास त्याने कोंडतो आणि आठ-पंधरा दिवसांत फुगे येतात. बाकांचं चित्रही अशाच संरक्षक भिंतीवर आहे आणि ऊन, पाणी, धूर यांनी तेही उडालं, सोलवटलं. त्याचा मोठा जीर्णोद्धार २०११ साली पुरा झाला. दर पाच-सात वर्षांनी डागडुजी लागणार हे धरूनच रंगाच्या नोंदी ठेवा.

प्रश्न : वहीतलं चित्र भिंतीवर मोठं करताना चेहरे लांबट होतात. प्रोजेक्टर भाड्याने घ्यावा का? (मुलुंड)

प्रोजेक्टर तिरका पडला की चेहरे लांबट होतातच. तो भिंतीला काटकोनात आणि चित्राच्या मध्याच्या उंचीवर हवा, रात्र हवी, वीज हवी. दहा-बारा फुटांपेक्षा रुंद भाग एका वेळी नीट येत नाही. लांब भिंतीला चौकटीच बऱ्या.

कागदावर एक इंच म्हणजे भिंतीवर एक फूट असं माप धरा. १० बाय ४० फुटांची भिंत असेल तर कागद १० बाय ४० इंचांचा. त्यावर दोन-दोन इंचांच्या चौकटी आखल्या की पाच ओळी आणि वीस रकाने, एकूण शंभर घरं. भिंतीवर हीच घरं दोन फुटांची. इथे खरी चूक होते : आखणी जमिनीपासून मोजतात, आणि मुंबईतली जमीन कुठेच सपाट नसते. गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन आधी एक आडवी रेघ पक्की करा, ओळंबा सोडून उभी रेघ घ्या, आणि बाकी सगळं त्या दोन रेघांपासून मोजा. सूत मारायला गेरू वापरू नका, पांढऱ्या-पिवळ्यात मिसळून रंग मळतो. निळसर खडूची पूड चांगली. रकान्यांना आकडे आणि ओळींना अक्षरं द्या, म्हणजे परांचीवरच्या मुलाला खालून 'बारा-क' एवढंच सांगितलं तरी पुरतं. चेहरे आणि हात जिथे येतात त्या घरांचे पुन्हा चार-चार भाग करा.

एकच आकृती अनेकदा हवी असेल, पक्ष्यांचा थवा किंवा गर्दीतली डोकी, तर ब्राऊन पेपरवर एकदा काढून रेघेवर सुईने टोचा आणि पातळ कापडाच्या पुरचुंडीत खडूपूड बांधून वरून थोपटा. रांगोळीच्या छाप्याचंच तंत्र आहे.

प्रश्न : बाका 'पुंतो' पद्धत वापरतात म्हणे. ती काय? (उपयोजित कलेचा विद्यार्थी, दादर)

मेक्सिकोचे भित्तिचित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरोस १९७४ साली वारले. त्यांच्या कुएर्नावाकाच्या कार्यशाळेत बाका १९७७ साली शिकायला गेल्या आणि तिथून ही पद्धत घेऊन आल्या. भिंत भूमितीने, लयीत विभागायची, आणि आकृत्या त्या विभागणीच्या रेषांवर बसवायच्या. करून बघायचं तर भिंतीचा आयत काढा, दोन्ही कर्ण मारा, छेदबिंदूतून उभी रेघ घ्या. दोन अर्ध्यांत पुन्हा कर्ण, पुन्हा मध्य. ताल दुप्पट-चौपट होत जावा तसं होतं. रेघांच्या गाठी पडतात तिथे महत्त्वाचे हात, डोळे, वळणं ठेवा. लांब भिंतीपुढून माणूस चालत जातो, एका जागी उभा राहून बघत नाही. कर्णांमुळे त्याची नजर पुढच्या प्रसंगाकडे सरकत राहते. चौकटींची पद्धत चित्र मोठं करण्यासाठी असते आणि पुंतो रचना ठरवण्यासाठी, म्हणून आधी पुंतो, मग चौकटी.

प्रश्न : आमच्या वस्तीचा इतिहास भिंतीवर काढायचा आहे. पुस्तकात तो कुठेच नाही. सुरुवात कुठून करावी? (महिला मंडळ, धारावी)

तुमचा प्रश्न बाकांच्या कामाच्या अगदी गाभ्याचा आहे. 'ग्रेट वॉल'साठी त्यांनी इतिहासकार सोबत घेतले, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवल्या, मुलांना त्या वाचायला आणि त्यावर बोलायला लावलं, आणि मग पेन्सिल हातात घेतली. हे काम रंगाच्या कामापेक्षा जास्त दिवस घेतं आणि घेऊ द्यावं. घाई इथेच महागात पडते, कारण भिंतीवर चूक छापील पुस्तकापेक्षा मोठी दिसते.

पंधरा-वीस माणसं निवडा, पण सगळी एकाच गल्लीतली, एकाच धंद्यातली नकोत. एका वेळी चाळीस मिनिटं पुरेत, फोनवर रेकॉर्ड करा, आधी परवानगी विचारा आणि चित्रात नाव-चेहरा आलेला चालेल का हे वेगळं विचारा. 'वस्तीचा इतिहास सांगा' असं विचारलं की माणूस भाषण देतो. त्यापेक्षा वस्तू विचारा : पहिल्या झोपडीला कशाचं छप्पर होतं, पाणी कुठून भरायचात, कळशी की डबा, नळ आला त्या दिवशी रांगेत पुढे कोण होतं, २६ जुलैच्या पावसात कोणत्या खिळ्यापर्यंत पाणी चढलं. तारखा मात्र बाहेरून तपासा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नोंदलेलं आहे. पण 'तो पूर आला ते वर्ष' असं सांगताना दोन माणसं दोन वर्षं सांगतील.

मग प्रसंगांची यादी करा आणि निर्दयपणे गाळा. ४० फूट भिंतीला सहा-सात प्रसंग खूप झाले. कच्चं रेखाटन भिंतीवर जाण्याआधी वस्तीत मांडा, ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांना बोलवा. कुणीतरी म्हणेल, 'चामडं असं नाही वाळवत.' ती दुरुस्ती कागदावर दहा मिनिटांची असते.

प्रश्न : तीस मुलं आहेत, वय १० ते १७. एकदम भिंतीवर सोडली तर गोंधळ होईल ना? (अंधेरी)

होईल. सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस, तीन तासांची पाळी आणि दोन तुकड्या करा. चौदा वर्षांखालच्यांना परांचीवर चढवूच नका, त्यांना हात पोचेल तो खालचा भाग द्या. परांचीला कठडा हवा, आणि खाली उभं राहून रंग देणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट हवं.

सगळ्यात जास्त फजिती अंगाच्या रंगाची होते. पाच मुलं पाच वाट्यांत आपापला तपकिरी कालवतात आणि एकाच माणसाचा हात कोपरापासून वेगळा दिसतो. मिसळण एकाच्याच हातून व्हावी. प्रत्येक छटा लागेल त्याहून थोडी जास्त एकदम कालवा, झाकणाच्या डब्यात भरा, झाकणावर क्रमांक आणि प्रमाण लिहा ('पिवडी ३, गेरू २, पांढरा ४'), आणि तोच क्रमांक आराखड्यावर त्या जागी टाका. ॲक्रिलिक ओला असताना फिकट दिसतो आणि वाळला की गडद होतो, म्हणून छटा नेहमी पुठ्ठ्यावर फासून, वाळवून ठरवा. मुलांना पाव लिटरच्या वाटीतून द्या, मोठा डबा हातात नको. पाळी संपली की ब्रश लगेच धुवायचे; ॲक्रिलिक केसांच्या मुळाशी सुकला की ब्रश टाकूनच द्यावा लागतो.

आणि मुलांना नुसतं आखलेल्या जागेत रंग भरायला लावू नका. बाकांच्या मुलांना आपण कोणता प्रसंग रंगवतोय हे माहीत असायचं. एखाद्या मुलीला स्वतःच्या आजीचं लुगडं रंगवायला मिळालं तर ती त्याचा काठ चुकवणार नाही.

प्रश्न : मुलगी लॉस एंजेलिसला असते. 'ग्रेट वॉल' बघायला तिकीट असतं का? (बोरिवली)

नाही. व्हॅली ग्लेन भागात कोल्डवॉटर कॅनियन ॲव्हेन्यूलगत, बरबँक बुलवार्ड आणि ऑक्सनार्ड स्ट्रीटच्या मध्ये कालवा आहे. काठाने चालत बघायचं. २०१७ साली हे चित्र अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेलं. व्हेनिसमधल्या जुन्या पोलीस ठाण्याच्या इमारतीत 'स्पार्क' ही सार्वजनिक कलेची संस्थाही आहे. बाकांनी ती १९७६ साली चित्रकार क्रिस्टिना श्लेसिंजर आणि चित्रपटकार डॉना डीच यांच्यासोबत काढली. २०२१ साली मेलन फाउंडेशनने भिंत पुढे वाढवण्यासाठी पन्नास लाख डॉलर दिले आणि १९६०च्या दशकापासून पुढचा इतिहास रंगवण्याचं काम सुरू झालं. बाकांना २०२१चं राष्ट्रीय कला पदकही मिळालं आहे.

प्रश्न : हातानं रंगवण्यापेक्षा फ्लेक्स छापून लावला तर? बाकाही आता संगणकावर करतात ना? (ठाकुरद्वार)

करतात. डेन्व्हरच्या विमानतळावरचं त्यांचं २००० सालचं भित्तिचित्र ॲल्युमिनियमवर छापलेलं आहे. पण ते इमारतीच्या आत आहे, आणि फ्लेक्स हा फार वेगळा माल आहे. मुंबईच्या उन्हात काही महिन्यांत उडतो, वाऱ्याने फाटतो. छापायचंच तर धातूच्या पत्र्यावर, उन्हात टिकणाऱ्या शाईत. फाइल पूर्ण मापाला इंचाला १०० ठिपक्यांची ठेवा : १० बाय २० फुटांना १२,००० बाय २४,००० ठिपके. लांबून बघायचं असेल तर याहून कमी चालतं. भिंतच मिळत नसेल तर दुसरा मार्ग कापडाचा. बाकांच्या 'वर्ल्ड वॉल'चे सुटे फलक १९९० साली फिनलंड आणि मॉस्कोला जाऊन आले. रंगवलेलं कापड गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवून निदान सहा इंच जाडीच्या नळीवर गुंडाळा; आत ठेवली की रंग दाबला जाऊन सुरकुत्या पडतात.

प्रश्न : सोसायटीच्या परवानगीने कंपाउंडवर चित्र काढलं. नवी कमिटी आली आणि त्यावर रंग मारायचं म्हणते. चित्रकाराला काही हक्क असतो का? (गिरगाव)

हे बाकांनाही चुकलं नाही. १९८४च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच धावली गेली. त्यावर त्यांनी लॉस एंजेलिसच्या हार्बर महामार्गाच्या भिंतीवर केलेलं चित्र २०१९ साली रंग मारून झाकलं गेलं. अमेरिकेत १९९०चा कायदा आहे : चित्र इमारतीवरून काढता येण्यासारखं असेल तर मालकाने चित्रकाराला कळवायचा प्रामाणिक प्रयत्न करावा आणि ते हलवायला ९० दिवस द्यावेत.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम ५७ आहे. चित्र विकलं, दिलं, तरी त्याची मोडतोड करून आपल्या नावलौकिकाला धक्का लावला जाऊ नये हा हक्क कलावंताकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत करायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. पण त्याच कलमात असंही म्हटलंय की चित्र दर्शनी ठेवलं नाही किंवा तुमच्या मनासारखं मांडलं नाही एवढ्याने हक्क मोडत नाही. शिवाय भिंत सोसायटीची आहे. त्यामुळे कोर्टापेक्षा आधी कमिटीशी बोला आणि वकिलाचा सल्ला घ्या. तुम्हाला मिळालेली परवानगी तोंडी होती की लेखी, यावर बरंच अवलंबून आहे. लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक दर्शनी भिंतीवर काही रंगवणं महाराष्ट्रात १९९५च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे तो कागद दोन्ही बाजूंनी लागतो.

पुढच्या भिंतीच्या वेळी एका पानाचा करार करा : चित्र किती वर्षं राहील, डागडुजी कोण करेल, पुसायचं झालं तर किती दिवस आधी लेखी कळवायचं (नव्वद मागा, साठवर तडजोड होईल), आणि चित्रकारांची नावं कुठे येतील. ठराव कमिटीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी तो राहतो. आणि कमिटी काहीही म्हणो, आत्ता असलेल्या चित्राचे फोटो या आठवड्यातच काढून ठेवा. ढगाळ सकाळी किंवा भिंत पूर्ण सावलीत असताना, भिंतीला समांतर उभं राहून, दर चार फुटांवर एक फोटो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा यायला हवा. पहिल्या फोटोत एक मोजपट्टी आणि एक पांढरा कागद भिंतीला लावून ठेवा. माप आणि रंग दोन्ही नंतर त्यावरून जुळवता येतात. झाकणांवरचे रंगांचे क्रमांक असतील तर तेही उतरवून घ्या.